पॉप-अप थांबत नाहीत? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

जानेवारीतली गोष्ट. द्राक्षांची काढणी तोंडावर आलेली आणि दिंडोरीकडचे एक तात्या माझ्याकडे आले. नाशिकरोडला बिटको चौकापासून थोडं आत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तात्यांनी कापडी पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, याच्यात व्हायरस शिरलाय. दोनदा फॉरमॅट मारला, तरी जात नाही."

लॅपटॉप सुरू केला. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, एक चौकट सरकत आली. लाल त्रिकोण, '५ व्हायरस सापडले', खाली 'आत्ताच साफ करा'. ती बंद केली तर दुसरी, मग तिसरी. मी चौकटीवरची बारीक अक्षरं वाचली. तिथे 'गूगल क्रोम' असं लिहिलेलं होतं आणि त्याला लागून एका साइटचा पत्ता. व्हायरस नव्हताच. तात्या रोज सकाळी लासलगावचा कांद्याचा भाव बघायला गूगलवर शोधायचे, वरची येईल ती साइट उघडायचे आणि 'भाव बघण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं की दाबायचे. फॉरमॅट मारून आणल्यावर आठ दिवसांत त्याच साइटवर तेच बटण पुन्हा दाबलं गेलं होतं.

ती परवानगी काढायला मला दीड मिनिट लागलं. पण पहिल्या फॉरमॅटमध्ये त्यांची फवारणीच्या नोंदींची एक्सेल फाईल कायमची गेली होती. निर्यातीच्या बागेत कोणतं औषध कधी आणि किती मारलं हे लिहून ठेवावंच लागतं, कारण युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची उर्वरित अंशासाठी तपासणी होते. ज्याने फॉरमॅट मारला त्याने आधी 'यातलं काय ठेवायचंय' हे विचारलंही नव्हतं. दीड मिनिटाच्या कामासाठी एका शेतकऱ्याची हंगामाची नोंद जावी, हे मला अजून सोसत नाही. म्हणून जे काउंटरवर रोज सांगतो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

मेनूंची नावं इंग्रजीत दिसतात असं धरून ती मी तशीच देवनागरीत देतो. आवृत्तीप्रमाणे एखादं नाव पुढेमागे झालेलं असेल. तसं झालं तर सेटिंग्जच्या पानावर वर शोधायची पट्टी असते, तिथे 'नोटिफिकेशन', 'स्टार्टअप' असा नेमका शब्द टाकला की ती जागा सापडते.

आधी नीट बघा: चौकट कुठे येते आणि कधी येते

पॉप-अप म्हणून लोक चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. दोन मिनिटं हात न लावता स्क्रीनकडे बघा.

चौकट स्क्रीनच्या कोपऱ्यात येत असेल, तुम्ही वर्डमध्ये काम करत असतानाही येत असेल, तर ते नोटिफिकेशन आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त हीच. एखाद्या साइटवर कुठेही क्लिक केलं की नवा टॅब किंवा नवी खिडकी उघडत असेल, तर तो जुना, खरा पॉप-अप. अख्खी स्क्रीन व्यापून, आवाज करत, 'कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' असं येत असेल, तर ती फसवणूक आहे. ब्राउझर उघडल्याबरोबर भलतंच पान येत असेल किंवा शोधलेलं सगळं अनोळखी सर्च इंजिनवर जात असेल, तर कुठल्यातरी एक्स्टेंशनने (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने) किंवा विंडोजमधल्या प्रोग्रॅमने तुमची सेटिंग बदलली आहे. आणि मोबाईलवर, ब्राउझर बंद असताना, होम स्क्रीनवरच अख्खी जाहिरात येत असेल, तर दोष एखाद्या ॲपचा.

हे प्रकार एकामागून एक का आले, हेही समजून घेण्यासारखं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ट्रायपॉड नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडणारा कोड लिहिला. आक्षेपार्ह मजकुराच्या पानावर आपली जाहिरात दिसू नये, असं एका मोटार कंपनीला वाटत होतं, त्यावरची ती तोड होती. २०१४ मध्ये झुकरमन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पॉप-अप अडवण्याची सोय आली, आणि आज प्रत्येक ब्राउझर असे पॉप-अप आपणहून अडवतो. मग २०१५ मध्ये क्रोमने साइटना नोटिफिकेशन पाठवायची सोय दिली. सोय चांगलीच होती. मेल आली, मेसेज आला की कळावं. पण पुढच्या दारातून हाकललेल्या जाहिराती या खिडकीतून आत आल्या. फरक एवढाच की या खिडकीची कडी तुम्हीच काढावी लागते. त्यासाठीच ती 'अलाऊ'ची चौकट.

आणि ती कडी काढून घ्यायला फार बेमालूम युक्त्या वापरतात. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा.' 'व्हिडिओ सुरू करायला अलाऊ दाबा.' 'वय १८ च्या वर असेल तर अलाऊ दाबा.' यातलं एकही खरं नसतं. अलाऊचा व्हिडिओशी, वयाशी किंवा रोबोशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ एकच: या साइटला माझ्या स्क्रीनवर केव्हाही चौकट टाकू दे.

कोपऱ्यातली नोटिफिकेशन बंद करणं

कॉम्प्युटरवर क्रोम असेल तर उजवीकडे वर तीन उभी टिंबं आहेत, तिथून 'सेटिंग्ज' उघडा. डावीकडे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. आता खाली सरकत 'अलाउड टू सेंड नोटिफिकेशन्स' या यादीपर्यंत या. ही यादी बघून बहुतेकांना धक्का बसतो. तात्यांच्या यादीत वीसच्या वर पत्ते होते आणि त्यातला त्यांच्या ओळखीचा एकच, व्हॉट्सॲप वेब.

प्रत्येक पत्त्यापुढे तीन टिंबं आहेत. तिथे 'ब्लॉक' आणि 'रिमूव्ह' असे दोन पर्याय येतात. अनोळखी पत्त्याला मी ब्लॉकच करतो. रिमूव्ह केलं तर ती साइट पुढच्या वेळी पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केलं तर विचारतही नाही.

यादी साफ झाली की त्याच पानावर वर या आणि 'डोन्ट अलाऊ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स' निवडा. यापुढे कोणतीच नवी साइट विचारणार नाही. घरातल्या आजी-आजोबांच्या कॉम्प्युटरवर हे केल्याशिवाय मी उठत नाही. मेल किंवा व्हॉट्सॲपची नोटिफिकेशन हवी असतील तर तेवढेच पत्ते अलाऊच्या यादीत ठेवा.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये जागा सारखी बदलत असते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'नोटिफिकेशन्स' टाकणं सोपं. आत गेल्यावर यादी आणि टिंबं क्रोमसारखीच. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांतून 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', खाली 'परमिशन्स', तिथे 'नोटिफिकेशन्स'समोरचं 'सेटिंग्ज' बटण. 'रिमूव्ह ऑल वेबसाइट्स' दाबा, त्याखालच्या 'ब्लॉक न्यू रिक्वेस्ट्स' या चौकोनात टिक करा आणि 'सेव्ह चेंजेस' विसरू नका. फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून ही विचारणा मुळातच मागे ढकलली आहे, पानावर काही केल्याशिवाय ती चौकट तोंडावर येत नाही. त्यामुळे तिथे हा त्रास कमी दिसतो.

मोबाईलच्या क्रोममध्येही तीन टिंबं, 'सेटिंग्ज', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. कोणती साइट त्रास देते हे कळत नसेल तर आलेलं नोटिफिकेशन दाबून धरा, तिथेच ते बंद करायचा पर्याय येतो.

अख्खी स्क्रीन अडवून फोन नंबर दाखवणारं पान

इथे माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाचेच पैसे जातात. सायरन वाजतो, बाईचा आवाज सांगतो की कॉम्प्युटर बंद करू नका, खाली मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि एक नंबर. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ही कंपनीने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. स्क्रीनवर नंबर दिसला की समजा, ते निव्वळ वेबपेज आहे. फुल स्क्रीन केलेलं पान, बाकी काही नाही.

ते घालवायला एस्केपची की दोन-तीन सेकंद दाबून धरा, नाहीतर एफ ११ दाबा. वरची टॅबची पट्टी दिसू लागली की टॅब बंद करा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझर निवडा आणि 'एंड टास्क'. माऊस हलत नसेल, काहीच सुचत नसेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. न सेव्ह केलेलं काम जाईल, बाकी काही बिघडणार नाही.

नंतर ब्राउझर उघडला की तो 'रिस्टोअर पेजेस' असं विचारेल. ते करू नका, नाहीतर तेच पान परत समोर येईल. ते आपोआपच उघडत असेल तर आधी वाय-फाय बंद करा, मग ब्राउझर उघडा आणि पान लोड होण्याआधी टॅब बंद करा.

कोणी त्या नंबरवर फोन केला असेल, समोरच्याने सांगितलेलं रिमोटचं ॲप टाकून स्क्रीन त्याच्या हाती दिली असेल, तर लाजू नका आणि घरच्यांपासून लपवूही नका. पहिलं काम म्हणजे इंटरनेट तोडणं: वाय-फाय बंद, केबल असेल तर ती उपसा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइनचा नंबर. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता यावेत यासाठीच तो आहे, म्हणून तासाभराचाही उशीर महाग पडतो. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

याच जातीचा नवा प्रकार तर अधिक घातक आहे. पान म्हणतं, 'तुम्ही माणूस आहात हे दाखवा: विंडोजची की आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.' पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि या तीन दाबांत ती तुमच्याच हाताने कॉम्प्युटरवर चालते. कुठलीही प्रामाणिक साइट असं करायला सांगत नाही. हे एकदा झालं असेल तर या लेखातली पुढची स्कॅनची पायरी सोडू नका आणि पासवर्ड लगेच बदला.

भलतं होमपेज, भलतं सर्च: पाहुणा घरात शिरलाय

होमपेज बदलून टाकणारा बहुतेक वेळा एखादं एक्स्टेंशन असतो. क्रोममध्ये तीन टिंबं, 'एक्स्टेंशन्स', 'मॅनेज एक्स्टेंशन्स'. सगळ्यांची निळी कळ बंद करा. ब्राउझर बंद करून परत उघडा. त्रास थांबला? आता एकेक चालू करत जा आणि दर खेपेला थोडा वेळ वापरून बघा. ज्याला चालू केल्यावर त्रास परत येईल तो चोर, त्याला 'रिमूव्ह'. मला सर्वांत जास्त सापडतात ती फुकट पीडीएफ बदलून देणारी, कूपन शोधून देणारी, हवामान दाखवणारी आणि व्हिडिओ उतरवून देणारी. प्रत्येकाच्या 'डिटेल्स'मध्ये परवानग्या लिहिलेल्या असतात. सगळ्या साइटवरची सगळी माहिती वाचण्या-बदलण्याची परवानगी हवामान सांगणाऱ्याला कशाला लागते, हा प्रश्न विचारा.

मग विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स', तिथे 'इन्स्टॉल्ड ॲप्स'. विंडोज १० मध्ये याचं नाव 'ॲप्स अँड फीचर्स'. यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय आलं ते बघा. हे पाहुणे फुकटच्या सेटअपमधून शिरतात. आपण नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट दाबत जातो आणि मधल्या एका पानावर आधीच टिक केलेलं 'हेही टाका' असतं.

आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण आहे आणि ते मला मनापासून खटकतं: मराठी टायपिंग. पत्रिका करायची, अर्ज लिहायचा, मुलाचा प्रकल्प टाईप करायचा म्हणून लोक 'मराठी टायपिंग फ्री डाउनलोड' शोधतात आणि कुठलाही सेटअप उचलतात. याची गरजच नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे. 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये 'लँग्वेज', तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण कीबोर्ड मांडणी येत असेल तर उत्तम, नसेल तर २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्ये 'मराठी फोनेटिक'ही मिळतो, म्हणजे रोमन अक्षरांत लिहाल तसं देवनागरी उमटतं. भाषा बदलायला विंडोजची की आणि स्पेसबार. एकही पैसा नाही, एकही अनोळखी सेटअप नाही.

प्रोग्रॅम काढूनही ब्राउझर भलत्या पानानेच उघडत असेल तर शॉर्टकट तपासा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टार्गेट'. ती ओळ क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्हावर संपली पाहिजे. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच भाग पुसा आणि 'ओके'. हा साधा डाव आहे पण अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटतो, कारण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सगळं बरोबर दिसत असतं.

तीन टिंबांच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं लिहून येत असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपवर ते स्वाभाविक आहे, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून दिलेल्या मशीनवर असणारच. घरच्या लॅपटॉपवर दिसलं तर लक्ष द्या. काही अँटिव्हायरसही असा नियम लावतात, पण होमपेज बदलता येत नसेल आणि ही ओळ दिसत असेल तर कोणीतरी सेटिंगला कुलूप लावलं आहे. ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, जाऊन काढावं लागतं. सवय नसेल तर इथे जाणत्या माणसाला बसवा.

आता स्कॅन. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', 'फुल स्कॅन'. रात्री लावून झोपा. त्याच यादीत 'ऑफलाइन स्कॅन' आहे. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं साफसफाईचं साधन होतं, ते २०२३ मध्ये काढून टाकलं गेलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत सांगितलेली ती पायरी शोधत बसू नका. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही २०१७ पासून फुकट साधनं मिळतात. पॉप-अपमध्येच 'क्लीनर' म्हणून जे दाखवतात ते मात्र चुकूनही उतरवू नका.

एवढ्यानेही नाही भागलं तर रीसेट. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज', 'रिस्टोअर सेटिंग्ज टू देअर ओरिजिनल डिफॉल्ट्स'. होमपेज, सर्च इंजिन, नवा टॅब मूळपदावर येतात, एक्स्टेंशन बंद पडतात, तात्पुरता डेटा पुसला जातो, त्यामुळे काही साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागेल. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. फायरफॉक्समध्ये 'हेल्प', 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', 'रिफ्रेश फायरफॉक्स'. फॉरमॅट करून जे मिळवायला जातात त्यातलं बरंचसं इथे पाच मिनिटांत मिळतं, एकही फाईल न गमावता.

आणि फॉरमॅट करूनही हा पाहुणा परत का येतो, त्याचं कारण सिंक. क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन करून सिंक चालू असेल तर एक्स्टेंशन आणि होमपेजच्या सेटिंग खात्यात साठतात. नवं विंडोज टाका, साइन इन करा, चोर मागच्या दाराने हजर. म्हणून साफसफाईच्या आधी सिंक बंद करा. घरात दोन मशीन असतील तर दोन्ही साफ करा. मगच सिंक चालू करा.

क्लिक केलं की टॅब उघडतो

हा त्रास त्या त्या साइटचा असतो. सिनेमे, क्रिकेट किंवा पुस्तकांच्या पीडीएफ चोरून दाखवणाऱ्या साइटवर तो होणारच, आणि त्याला खरा उपाय तिथे न जाणं हाच. बाकी जागी जाहिरात अडवणारं एक्स्टेंशन कामाला येतं. मी यूब्लॉक ओरिजिन सुचवतो. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि मुक्त स्रोत. ते आता फायरफॉक्समध्ये पूर्ण रूपात चालतं. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यामुळे तिथे त्याचं हलकं रूप, यूब्लॉक ओरिजिन लाइट, घ्यावं लागतं. मिळतंजुळतं नाव घेऊन बसलेली दुसरी बरीच आहेत, त्यामुळे नाव पूर्ण वाचून घ्या.

मोबाईलवर होम स्क्रीनवरच जाहिरात

जाहिरात आली की ती घालवायच्या आधी 'रिसेंट' बटण दाबा. आत्ता उघडलेल्या ॲपांची रांग दिसते आणि पहिल्याच कार्डावर जाहिरात दाखवणाऱ्या ॲपचं चिन्ह असतं. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, वॉलपेपर, फोन साफ करणारं ॲप, हे नेहमीचे संशयित. ते काढून टाका.

निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण दाबून 'पॉवर ऑफ' हा पर्याय दाबून धरला की सेफ मोड विचारतो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप झोपलेली असतात. जाहिराती थांबल्या म्हणजे दोष त्यांच्यातच आहे. तिथूनच अलीकडे आलेली ॲप काढायला लागा. सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' शोधा आणि ज्याला दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं काम नाही त्याची परवानगी काढा. शेवटी प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्टचं स्कॅन.

अँड्रॉइड ९ पासून आणखी एक छान सोय आहे, 'प्रायव्हेट डीएनएस'. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ती शोधा, 'होस्टनेम' निवडा आणि डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम असं रोमन अक्षरांत भरा. बऱ्याच जाहिरातींचे पत्तेच मग सापडेनासे होतात. एखादं ॲप अडलं तर 'ऑटोमॅटिक'वर परत आणा. आयफोनवाल्यांकडे मात्र वेगळाच प्रकार येतो: कॅलेंडरमध्ये रोज 'व्हायरस' अशी आठवण. तिथे कोणीतरी कॅलेंडर सबस्क्राइब करून गेलेलं असतं. कॅलेंडर ॲपमध्ये खाली 'कॅलेंडर्स', त्या कॅलेंडरसमोरचं 'आय', मग 'अनसबस्क्राइब'.

आता होमपेज तुमच्या मनाचं

लोक 'होमपेज' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तीन गोष्टींची सरमिसळ असते. ब्राउझर उघडल्यावर येतं ते स्टार्टअप पान. घराचं चित्र असलेलं बटण दाबल्यावर येतं ते होमपेज. नवा टॅब उघडल्यावर दिसतं ते नव्या टॅबचं पान. एक बदललं तरी दुसरी दोन तशीच राहतात, आणि 'मी बदललं पण बदलत नाही' ही तक्रार इथूनच येते.

क्रोममध्ये स्टार्टअपसाठी 'सेटिंग्ज', 'ऑन स्टार्टअप', 'ओपन अ स्पेसिफिक पेज'. तिथे भलता पत्ता असेल तर आधी तो काढा, मग 'ॲड अ न्यू पेज'. घराच्या बटणासाठी 'अपिअरन्स', 'शो होम बटण' चालू करून खाली पत्ता. फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज'मध्ये 'होम', तिथे 'कस्टम यूआरएल्स'. एजमध्ये 'स्टार्ट, होम अँड न्यू टॅब पेज'. मोबाईलच्या क्रोममध्ये 'सेटिंग्ज'मध्ये 'होमपेज'. कॉम्प्युटरवर कुठूनही घरी यायला ऑल्ट आणि होम.

काय ठेवावं? जे रोज लागतं ते, हलकं, आणि अलाऊ न विचारणारं. कांदा-द्राक्षवाल्यांना मी राज्य कृषी पणन मंडळाच्या साइटवरचं बाजारभावाचं पान लावून देतो. लासलगाव, पिंपळगाव सगळे भाव मराठीत, जाहिरात नाही. मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्यांना विद्यापीठाचंच मुख्य पान, कारण परीक्षेच्या सूचना तिथेच आधी येतात. वकील आणि जमिनीची कामं करणाऱ्यांना महाभूमीचं सातबाऱ्याचं पान. निवृत्त मंडळींना मराठी विकिपीडियाचं मुखपृष्ठ. २००३ पासून चालू असलेला हा ज्ञानकोश, आणि पंचवटीतल्या एका आजोबांचा सकाळचा चहा त्याच्यासोबतच होतो. बँकेचं पान मात्र होमपेज करू नका. ज्या मशीनला चार जण हात लावतात तिथे ब्राउझर उघडताच तुमची बँक कोणती हे दिसायला नको.

पत्ता भरताना एक काळजी घ्या. गूगलवर शोधून वरच्या निकालावरून उचलू नका, वर जाहिरात असू शकते. सरकारी साइट बहुतेक 'डॉट गव्ह डॉट इन'वर संपते. महाभूमीची साइटही तशीच संपते, पण महाराष्ट्राच्या काही साइट वेगळ्या आहेत, त्यांचा पत्ता तलाठी कार्यालयातल्या किंवा विद्यापीठाच्या छापील कागदावरून घ्या. एकदा हाताने टाईप करा, बरोबर उघडलं की होमपेज करा. मग रोज शोधायचीच गरज उरत नाही, आणि न शोधणाऱ्याला चुकीची साइट सापडतही नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी निवासाची, स्नानाच्या तारखांची शोधाशोध करणाऱ्या बाहेरगावच्या पाहुण्यांनाही हेच सांगा.

हे सगळं केल्यावर तीन दिवसांनी नोटिफिकेशनची आणि एक्स्टेंशनची यादी पुन्हा उघडून बघा. नवं नाव दिसलं तर काहीतरी अजून आत आहे, फुल स्कॅन परत लावा.

तात्यांच्या लॅपटॉपवर पणन मंडळाचं पान लावून दिलं. फवारणीची वही सुदैवाने घरी होती. सूनबाईने तीन संध्याकाळी बसून एक्सेल पुन्हा भरली. ती फाईल आता गूगल ड्राइव्हवर आहे आणि एका पेन ड्राइव्हवरही, जो देवघरातल्या डब्यात ठेवलेला असतो.